कॅन्सरच्या उपचारांचा खर्च: आधी मंजुरी, मग उपचार

घरात कॅन्सरचं निदान झालं की पहिल्याच आठवड्यात पैशांची पळापळ सुरू होते. कुणी दागिने गहाण टाकतं, कुणी व्याजाने पैसे उचलतं, कुणी जमिनीचा तुकडा काढायला निघतं. नेमक्या त्याच आठवड्यात मदतीची काही दारं कुटुंबाच्या नकळत बंद होतात. महाराष्ट्रातल्या बहुतेक योजनांचा आणि निधींचा नियम एकच आहे: पैसे थेट रुग्णालयाला मिळतात आणि ते उपचाराआधी मंजूर व्हावे लागतात. स्वतः भरलेल्या बिलाची भरपाई सहसा कुणी करत नाही. त्यामुळे कुठली योजना आहे यापेक्षा कुठली आधी हा प्रश्न मोठा आहे. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

रुग्णालय ठरवण्याआधी कागद

तीन कागद आजच बाहेर काढा: रेशनकार्ड, घरातल्या सगळ्यांची आधारकार्डं आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. दाखला नसेल तर सेतू केंद्रात किंवा आपले सरकार सेवा केंद्रात त्याच दिवशी अर्ज टाका. तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल लागतो आणि वेळ तिथेच जातो, म्हणून तलाठी कार्यालयात रुग्णाची फाईल दाखवून तातडी समजावून सांगा. एक वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये उपचार सुरू होत असतील तर एप्रिलमध्ये नवा दाखला लागणार, हे आधीच धरून चाला.

आता नावं तपासा. रेशनकार्डावर ‘सुमन बाळू’ आणि आधारवर ‘सुमनबाई बाळासाहेब’ असेल तर संगणकावर ही दोन वेगळी माणसं ठरतात. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरच राहिलेलं असतं. वेगळ्या राहणाऱ्या आईचं नाव थोरल्या मुलाच्या कार्डावर असतं आणि उपचारासाठी धावतो धाकटा. लहान मुलाचं नाव चढवायचं राहून गेलेलं असतं. या दुरुस्त्या तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत होतात. रुग्ण भरती झाल्यावर तिथे खेटे घालण्यापेक्षा बायोप्सीच्या, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या, रिपोर्टची वाट पाहतानाच्या दिवसांत हे काम उरकून घ्या. रेशनकार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांकही त्याच वेळी विचारून घ्या, कारण नोंदणीत तोच लागतो.

बायोप्सी जिथे केली तिथून रिपोर्टसोबत ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्या. ब्लॉक म्हणजे काढलेला तुकडा ज्या मेणात बसवलेला असतो ती छोटी वडी. मोठ्या कॅन्सर रुग्णालयात तीच पुन्हा तपासतात. ती हाती नसेल तर कधी कधी बायोप्सी पुन्हा करावी लागते, म्हणजे खर्चही पुन्हा आणि दिवसही वाया.

पहिलं दार: फुले योजना आणि आयुष्मान

२०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. तिचंच पुढचं रूप म्हणजे आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ ची. महाराष्ट्रात २०२० पासून दोन्ही एकत्र चालतात. आधी राज्य योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखांचं संरक्षण होतं. २०२३ च्या शासन निर्णयाने ते पाच लाख झालं आणि पांढऱ्या रेशनकार्डाची कुटुंबंही योजनेत आली. पूर्वी मुख्यतः पिवळं आणि केशरी कार्डच चालायचं. ‘आपलं कार्ड पांढरं आहे, आपल्याला काही मिळत नाही’ असं अजूनही अनेक घरांत समजतात, त्यामुळे ही गोष्ट ठासून सांगावी लागते.

पाच लाख हे पूर्ण कुटुंबाचे आणि एका वर्षाचे असतात. त्याच वर्षी वडिलांची अँजिओप्लास्टी योजनेतून झाली असेल तर तेवढी रक्कम वजा होते. आजार आधीपासून होता, या कारणाने नकार देता येत नाही. घरात कुणी सत्तरी ओलांडलेलं असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर त्या ज्येष्ठांसाठी आणखी पाच लाखांचं वेगळं संरक्षण असतं. आयुष्मान कार्ड देशभर योजनेतल्या कुठल्याही रुग्णालयात चालतं. फक्त राज्य योजनेत बसणाऱ्या कुटुंबाला मात्र राज्याच्या यादीतलंच रुग्णालय घ्यावं लागतं.

रुग्णालयात शिरल्यावर बिलिंगच्या खिडकीकडे जाऊ नका. आधी आरोग्यमित्राचा, म्हणजे रुग्णांच्या मदतीसाठी योजनेने नेमलेल्या माणसाचा, कक्ष शोधा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात तो असतो, बहुधा ओपीडीजवळ. तिथे दोन प्रश्न विचारा. पहिला: हे रुग्णालय कॅन्सरच्या उपचारांसाठी योजनेत आहे का? रुग्णालय योजनेत असतं, पण हाडांच्या आणि मूत्रविकारांच्या शस्त्रक्रियांपुरतंच, असं बऱ्याचदा असतं. किमोसाठी आहे पण रेडिएशनसाठी नाही, असंही असतं. दुसरा प्रश्न: डॉक्टरांनी लिहिलेला उपचार योजनेच्या यादीत कुठल्या नावाने बसतो?

योजना एकेका उपचाराचं ठरलेलं पॅकेज मंजूर करते. शस्त्रक्रियेचं वेगळं, रेडिएशनचं वेगळं, किमोच्या प्रत्येक सायकलचं, म्हणजे फेरीचं, वेगळं. आरोग्यमित्र नोंदणी करतो, रुग्णालय बायोप्सी, स्कॅन आणि उपचाराचा आराखडा ऑनलाइन चढवतं आणि मंजुरी मागतं. बोलीभाषेत याला ‘प्री-ऑथ’ म्हणतात. कॅन्सरसाठी ट्यूमर बोर्डाचं मत सहसा मागितलं जातं. सर्जन, किमोचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून आधी शस्त्रक्रिया की आधी किमो हे ठरवतात, त्याचा हा लेखी कागद. तो नसेल तर फाईल ‘क्वेरी’ लागून परत येते. क्वेरी म्हणजे नकार नव्हे, एखादा कागद कमी आहे एवढाच तिचा अर्थ. पण ती रुग्णालयाच्या संगणकावर पडून राहते आणि घरच्यांना वाटतं मंजुरी आली नाही. म्हणून रोज सकाळी आरोग्यमित्राला विचारा: ‘फाईल कुठे आहे? क्वेरी आहे का? कुठला कागद हवा?’

मंजूर पॅकेजमध्ये जनरल वॉर्डमधली खाट, डॉक्टर आणि नर्सिंग, भूल, औषधं, त्या उपचाराशी संबंधित तपासण्या, रुग्णाचं जेवण, डिस्चार्जनंतर ठरावीक दिवसांची औषधं आणि घरी परतण्याचं एसटी किंवा रेल्वेचं भाडं इतकं सगळं येतं. याच उपचारासाठी वर पैसे मागणं नियमबाह्य आहे. ‘योजनेतून थोडं होईल, वरचे तुम्ही भरा’ असं कुणी म्हटलं तर ते कशाचे, हे लिहून मागा. अनेकदा तिथेच विषय मिटतो.

किमोच्या बाबतीत एक गोष्ट सतत निसटते. प्रत्येक सायकलला नवी मंजुरी लागते. एकवीस दिवसांनी येणारी सायकल सोमवारी असेल तर रक्ततपासणी आणि कागद दोन-तीन दिवस आधी पोहोचवा. सोमवारी सकाळी थेट दारात उभं राहिलं तर मंजुरीसाठी दिवस जातो आणि मग ‘आजच घ्यायची तर पैसे भरा’ अशी वेळ येते.

पॅकेज जिथे संपतं

योजनेला मर्यादा आहेत आणि त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. निदान पक्कं होण्याआधीच्या, बाहेरच्या लॅबमध्ये केलेल्या तपासण्यांचे पैसे परत मिळत नाहीत. म्हणून शक्य असेल तर सीटी, एमआरआय, बायोप्सी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात करा किंवा जिथे उपचार घ्यायचे त्याच रुग्णालयात करा. ओपीडीत लिहून दिलेल्या, महिनोन्महिने घरी घ्यायच्या गोळ्या हीसुद्धा मोठी फट आहे. नव्या पिढीची महागडी औषधं, विशेषतः इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं), पॅकेजच्या रकमेत बहुतेक वेळा बसत नाहीत.

स्तनाच्या कॅन्सरचं उदाहरण घेऊ. गाठ हर-टू प्रकारची (HER2 नावाचं प्रथिन जास्त असलेली) निघाली तर किमो, शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि त्यासोबत ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शनं असा उपचार असतो. हे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, वर्षभर, म्हणजे सतरा-अठरा वेळा द्यावं लागतं. सुरुवातीच्या किमोला योजना मिळाली म्हणून कुटुंब निर्धास्त होतं आणि सहाव्या महिन्यात कळतं की इंजेक्शनांचं पुढे काय, हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून पहिल्या भेटीतच डॉक्टरांकडून पूर्ण उपचाराचा आराखडा एका कागदावर घ्या: कुठला टप्पा, किती वेळा, अंदाजे किती खर्च. मग आरोग्यमित्रासमोर बसून त्यातल्या कुठल्या ओळी योजनेत येतात त्यावर खूण करा. खूण नसलेल्या ओळींसाठीच पुढची धावपळ करायची आहे. औषधाचं नाव नेटवर वाचून घाबरण्याआधी हेही विचारा: याचं बायोसिमिलर किंवा जेनेरिक, म्हणजे तसंच काम करणारं स्वस्त औषध, आहे का, आणि कंपनीची रुग्ण सहाय्य योजना आहे का? अनेक महागड्या औषधांना ती असते. अर्ज डॉक्टरांमार्फत जातो आणि काही डोस मोफत मिळतात.

धर्मादाय रुग्णालयं

नावापुढे ट्रस्ट असलेली अनेक मोठी खाजगी रुग्णालयं सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेली आहेत. कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेली योजना यांमुळे त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी रुग्णांच्या एकूण बिलांपैकी दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या स्वतंत्र खात्यात जमा करावी लागते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन आणि त्यापुढे ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल अशी मर्यादा आहे.

इथे आरोग्यमित्र नाही, रुग्णालयाच्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचं. लोक त्यांना एमएसडब्ल्यू म्हणतात. भरती होतानाच सांगा की धर्मादाय योजनेतून दाखल व्हायचं आहे. ट्विन शेअरिंग किंवा डिलक्स खोली घेतली तर पुढे सवलत मागताना अडचण होते, म्हणून जनरल वॉर्डच मागा. ‘खाटा भरल्या आहेत’ हे उत्तर सर्रास मिळतं. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर राखीव खाटांची माहिती पाहता येते, ती पाहूनच जा. तरीही नकार आला तर नकार लेखी मागा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त किंवा उपआयुक्त कार्यालयात अर्ज द्या. तातडीच्या अवस्थेतल्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घेणं या रुग्णालयांना बंधनकारक आहे.

निधींचे अर्ज आणि एस्टिमेट

योजनेत न बसलेला किंवा योजनेपलीकडे उरलेला खर्च निधींकडे मागायचा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख ६० हजार आहे. आधी फुले योजना आणि धर्मादाय रुग्णालय हे मार्ग पाहिले का, हे तिथे तपासतात. म्हणूनच त्यांचा नंबर वर आला. २०२५ पासून मंत्रालयाच्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयांत या निधीचे कक्ष सुरू झाले आहेत. टोल फ्री क्रमांक १८०० १२३ २२११. अर्जाला आधार, रेशनकार्ड, दाखला, रिपोर्ट, रुग्ण दाखल असतानाचा जिओटॅग फोटो (ज्यात जागेची नोंद असते असा) आणि रुग्णालयाचं एस्टिमेट, म्हणजे खर्चाचा लेखी अंदाज, लागतं. रुग्णालय खाजगी असेल तर एस्टिमेटवर जिल्हा शल्यचिकित्सकाचं, म्हणजे सिव्हिल सर्जनचं, प्रमाणपत्र हवं. डिस्चार्ज झाल्यावर टाकलेला अर्ज मंजूर होण्याची आशा धरू नका.

सगळे अर्ज अडतात किंवा पुढे जातात ते एस्टिमेटवर. चिठ्ठीवर ‘अंदाजे खर्च तीन लाख’ एवढंच लिहून आणलं तर उपयोग नाही. ते रुग्णालयाच्या लेटरहेडवर हवं. त्यात रुग्णाचं आधारप्रमाणे नाव, केस पेपरचा क्रमांक, कॅन्सरचा प्रकार आणि टप्पा, राहिलेले उपचार, प्रत्येकाची रक्कम, तारीख, डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक आणि शिक्का हवा. सोबत रुग्णालयाच्या बँक खात्याचा तपशील. आधी एखादा निधी मिळाला असेल तर तो वजा करून उरलेल्या रकमेचं नवं एस्टिमेट घ्या. तेच जुनं पत्र चार ठिकाणी लावलं की पुढच्या कार्यालयात शंका येते आणि खरी गरज असलेला अर्जही मागे पडतो. मूळ प्रत देण्याआधी पाच-सहा रंगीत झेरॉक्स काढून ठेवा. अर्ज दिला की आवक क्रमांक मागून घ्या. फोनवर विचारताना तोच विचारतात.

पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतूनही कॅन्सरसाठी अंशतः मदत मिळते. सरकारी रुग्णालय किंवा त्या निधीच्या यादीतलं खाजगी रुग्णालय हवं आणि झालेला खर्च परत मिळत नाही. खासदारांचं शिफारसपत्र जोडण्याची पद्धत आहे, पण रुग्णाला थेटही अर्ज करता येतो. केंद्राच्या राष्ट्रीय आरोग्य निधीत आरोग्यमंत्र्यांचा कॅन्सर रुग्ण निधी आहे. तो दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांसाठी आणि प्रादेशिक कॅन्सर केंद्रांपुरता असतो. महाराष्ट्रात मुंबईचं टाटा मेमोरियल आणि नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय ही अशी केंद्रं. हा अर्ज रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातूनच जातो. टाटामध्ये नोंदणी करताना जनरल वर्ग मागून घ्या. खाजगी वर्गात नाव गेलं की दर बदलतात आणि वर्ग बदलून घ्यायला वेळ लागतो.

संस्थांमध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीचा क्युअर फंड बरे होण्याची शक्यता चांगली असलेल्या रुग्णांना ठरावीक रुग्णालयांत मदत करतो. टाटा ट्रस्ट्स आणि सिद्धिविनायक मंदिर न्यासही वैद्यकीय मदत देतात. मंदिर न्यासांच्या आणि छोट्या ट्रस्टांच्या रकमा लहान असतात. त्या एखाद्या स्कॅनसाठी किंवा दोन सायकलींसाठी मागा, पूर्ण बिलासाठी नको.

कामावर असलेल्यांनी हे विसरू नये

रुग्णाच्या किंवा घरातल्या कमावत्याच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जात असेल तर तो मार्ग इतर सगळ्यांपेक्षा भक्कम आहे. पगाराची मर्यादा महिना २१ हजार. उपचारांचा खर्च तर मिळतोच, शिवाय आजारपणात बुडणारी मजुरीही अंशतः मिळते. कॅन्सर हा दीर्घ आजारांच्या यादीत असल्याने नेहमीच्या ९१ दिवसांच्या आजारपण लाभानंतर ८० टक्के दराने वाढीव लाभ मिळतो आणि तो दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी दोन वर्षं विमापात्र नोकरी आणि ठरलेले वर्गणीचे दिवस लागतात. म्हणून निदान झाल्या झाल्या राजीनामा देऊ नका आणि मालकाने ‘सोडून जा’ म्हटलं तरी सही करू नका. नोकरीची नोंद तुटली की हा हक्कही तुटतो.

बांधकाम कामगार मंडळात नोंदणी जिवंत असेल तर गंभीर आजारासाठी वेगळी मदत आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर संजय गांधी निराधार योजनेतून कॅन्सर रुग्णाला महिना १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात. रक्कम थोडी आहे, पण दूध-अंड्यांचा खर्च निघतो, आणि किमो चालू असलेल्या माणसाच्या पोटात नीट अन्न जाणं ही चैन नव्हे.

औषधं, प्रवास, मुक्काम

जनऔषधी आणि अमृत या सरकारी स्वस्त औषध केंद्रांत कॅन्सरची अनेक औषधं छापील किमतीपेक्षा बरीच स्वस्त मिळतात. २०१९ मध्ये केंद्राने ४२ कॅन्सर औषधांवरचा विक्रीचा नफा ३० टक्क्यांवर आणला, तरी एकाच औषधाच्या दोन ब्रँडच्या किमतींत मोठा फरक राहतो. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि मगच दुकानांत भाव विचारा.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री टियर एसीमध्ये पूर्ण सवलत असते, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या. एसटीतही कॅन्सर रुग्णांना सवलत आहे. मुंबईत मुक्कामासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. या ठिकाणी जागा रुग्णालयाच्या पत्रावर मिळते, म्हणून पहिल्याच दिवशी समाजसेवा विभागात नाव घाला.

अडलं तर

फुले योजनेचा क्रमांक १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००, आयुष्मानचा १४५५५. फोन करताना रेशनकार्डाचा क्रमांक, रुग्णालयाचं नाव आणि नोंदणी क्रमांक हाताशी ठेवा, आणि तक्रारीचा क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. प्रत्येक जिल्ह्यात योजनेचे जिल्हा समन्वयक असतात. आरोग्यमित्राकडून काम पुढे सरकत नसेल तर त्यांचा नंबर त्याच कक्षावरच्या फलकावर पाहा. पैसे भरायला भाग पाडलं असेल तर पावती फाडू नका, हरवू नका. योजनेत नोंदणी असताना घेतलेली रक्कम तक्रारीनंतर रुग्णालयाला परत करायला लावता येते, पण पावती असेल तरच.